सातवा मजला, पाच तेत्री

आमच्या लिफ्टला पूर्वी भूक लागायची.
आतल्या लोखंडी डबीत पाच तेत्रीचं नाणं टाकलं
की कुठेतरी कुणीतरी खाकरायचं
आणि ती निघायची वर, नाखुशीनं.
उतरणं फुकट.
बरोबरच आहे, नाझिब्रोला म्हणायची,
खाली जायला कोण पैसे देईल?

दाराशी, चपलांच्या फळीवर, एक बरणी होती.
मूळची जर्दाळूच्या मुरंब्याची,
झाकण कधीच हरवलेलं.
बाजारातून उरलेली चिल्लर तिच्यात पडायची:
बटाट्यांतली, मेणबत्त्यांतली,
भट्टीवाल्या वाझानं परत दिलेली, पिठानं पांढुरकी.
पाच तेत्रीला त्बिलिसीत तेव्हाही काही येत नव्हतं.
काडेपेटीसुद्धा नाही.
फक्त सात मजले.

आणि नाणं नसलं की माणूस लागायचं.
तेव्हा मला त्याचा नुसता वैताग यायचा.
जिन्यापाशी समोरची झूझुना,
दोन काखांत दोन कलिंगडं घेऊन उभी,
"ओतिआ, सुटे आहेत का रे?"
आणि सात मजले तिच्या जावयाची गाऱ्हाणी
माझ्या पाच तेत्रीत.

नाझिब्रोला उधारी लिहायची
कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
झूझुना: तीन.
चौथ्या मजल्यावरचा दंतवैद्य: एक.
आम्ही, झूझुनाकडून, अंधाराच्या त्या हिवाळ्यात: दोन मेणबत्त्या, अर्धी बाटली रॉकेल.
ते नाण्यांत कसं मोजायचं, यावर दोघी एक अख्खी दुपार भांडल्या,
कॉफी दोनदा उतू गेली.

आता नवी लिफ्ट आहे. कार्ड टेकवायचं.
ती टुक् करते, आणि एक बाई, जिला मी ओळखत नाही,
मला मजला सांगते. मला माहीत असतो.
कार्डात पैसे एतेरी टाकते, बारीहून.
इटलीत ती एका परक्या म्हातारीला सांभाळते,
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात,
दोन्ही हातांनी उचलून.
मग हात पुसते, फोन घेते,
आणि समुद्रापलीकडून मलाही उचलते, सात मजले.
"पोचलात का, बाबा?"
पोचलो म्हणतो. काय म्हणणार?

बरणी मधे टाकून देणार होतो.
नाझिब्रोलानं ती आंबवायच्या कोबीवर ठेवली, दगडाऐवजी.
चांगलं वजन आहे म्हणाली.
कोबी उत्तम झाला यंदा. बिटानं लालबुंद.

झूझुना गेली तेव्हा तिच्या नावावर अकरा होते.
कॅलेंडरं दर वर्षी बदलतात,
नाझिब्रोला तो अकरा नव्या पाठीवर उतरवते.
मी विचारत नाही.

तिच्या घरात हल्ली एक मुलगा राहतो, मिन्स्कचा.
रात्रभर पडद्याच्या निळ्या उजेडात काम करतो,
दिवसा झोपतो. एकदा लिफ्टमध्ये भेटला.
कानांत काहीतरी घातलेलं, मान हलवली, मीही हलवली.
सात मजले टुक् होण्यात गेले.

पण आमच्या बाल्कन्या कोपऱ्यात समोरासमोर आहेत,
आणि मधे दोन कप्प्यांवरून फिरणारा तो जुना दोर.
इकडून ओढला की तिकडचं इकडे येतं.
हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं.
काल नाझिब्रोला चादर वाळत घालायला गेली
आणि कप्पी किंचाळत किंचाळत
त्याचा ओला काळा शर्ट आमच्या दारात येऊन उभा राहिला,
एकाच चिमट्यावर, खांदा पडलेला.

तिनं तो झटकला. कॉलर सरळ केली.
"आई नसेल जवळ," एवढंच म्हणाली,
आणि आपला एक लाकडी चिमटा लावून
दोर उलटा ओढला.

संध्याकाळी मीठ शोधताना पाहिलं,
कॅलेंडरच्या पाठीवर, अकराच्या खाली,
नाव माहीत नाही म्हणून नुसतं
समोरचा:
चिमटा, एक.